वॉरंटी संपल्यावर इंजिन बसलं, कंपनीकडून काय मिळू शकतं?

प्रश्न साताऱ्याहून आला आहे. गाडी टर्बो पेट्रोल, साडेतीन वर्षांची, ६१,००० किलोमीटर चाललेली, ऑन रोड साडेतेरा लाखांना घेतलेली. कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी संपून सहा महिने झाले, वाढीव वॉरंटी घेतलेली नाही. खंबाटकी घाट उतरल्यावर तेलाचा लाल दिवा लागला, गाडी कडेला घेईपर्यंत खालून ठोकल्यासारखा आवाज आला आणि इंजिन बंद पडलं. सर्व्हिस सेंटर म्हणतं बेअरिंग गेलंय, अख्खं इंजिन बदलावं लागेल, ३ लाख ८५ हजार. गुरुवारी इंजिन उघडणार आहेत. वॉरंटीत असताना, २८,००० किलोमीटरच्या सुमारास, सकाळी गाडी चालू करताना खटखट येते आणि तेल कमी होतं अशी तक्रार यांनी केली होती. तेव्हा ‘टर्बो गाडीला एवढं चालतं’ असं उत्तर मिळालं. मधली एक सर्व्हिस बाहेरच्या गॅरेजमध्ये झाली आहे, तिचं बिल जवळ आहे. ‘कंपनी काही देईल का, की वॉरंटी संपली म्हणजे विषय संपला?’ असं त्यांनी विचारलं आहे.

विषय संपलेला नाही. तुमच्या हातात जे आहे ते बऱ्याच लोकांच्या हातात नसतं. पण कंपनी किती देणार हे बरंचसं गुरुवारी ठरणार आहे, म्हणून आधी गुरुवारचं बोलतो.

मी तेरा वर्षं एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या वॉरंटी डेस्कवर काम केलं आणि गेली सतरा वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिन बांधायचं काम करतो. दावे नाकारणाऱ्यांच्या रांगेत बसलो आहे, आणि नाकारलेली इंजिनं घेऊन आलेल्या लोकांसमोरही उभा राहिलो आहे. या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. माणसाची बाजू खरी असायची, पण इंजिन उघडलं त्या दिवशी तो तिथे नसायचा. जुने पार्ट भंगारात जायचे, तेल ड्रममध्ये ओतलं जायचं, आणि नंतर महिनोन्‌महिने ‘तुम्ही तेल वेळेवर बदललं नसेल’ आणि ‘मी बदललं होतं’ एवढाच वाद चालायचा. इंजिन का गेलं हे सांगणारा पुरावा इंजिनच्या आतच असतो आणि तो एकदाच बघायला मिळतो.

म्हणून आजच सर्व्हिस सेंटरला ईमेल करा की इंजिन माझ्या समोर उघडायचं, मी येईपर्यंत हात लावू नये. फोनवर सांगू नका, ईमेलच करा. एस्टिमेटवर सही मागतील. फक्त खोलून तपासायच्या मजुरीला मंजुरी द्या आणि स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘फक्त तपासणीसाठी खोलण्यास संमती, दुरुस्तीस नाही. निघालेले सर्व पार्ट, तेल व फिल्टर मालकाच्या ताब्यात द्यावेत.’ या दोन ओळींनी मी पुढचे कितीतरी वाद मिटलेले पाहिले आहेत.

सोबत एखादा जुना, स्वतंत्र मेकॅनिक न्या. त्याने भांडायचं नाही, फक्त बघायचं. जमलं तर विम्याची कामं करणारा परवानाधारक सर्व्हेअर फी देऊन बोलवा. त्याचा लेखी अहवाल पुढे ग्राहक आयोगात उपयोगी पडतो.

आता काय बघायचं. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय.

गाडी लिफ्टवर घेतली की पहिला फोटो चेंबरचा, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीचा. तिथे दगडाचा ठोका बसलेला असेल तर चेंबर आत दबून तेल खेचणाऱ्या जाळीचं तोंड अडतं आणि पंपाला तेल कमी मिळतं. असा खड्डा असेल तर कंपनी बोट तिथेच ठेवेल, आणि तो नसेल तर ‘नाही’ हे दाखवणारा फोटो तुमच्याकडे हवा. मग तेल भरायच्या झाकणातून आत टॉर्च मारून फोटो घ्या. वेळेवर तेल बदललेल्या इंजिनचा आतला भाग स्वच्छ, फिकट सोनेरी दिसतो. ज्याचं तेल लांबवलंय त्याच्या आत काळा, चिकट गाळ साचलेला असतो. हा एक फोटो दहा बिलांच्या तोडीचा आहे.

डिपस्टिकवर तेल किती आहे ते खोलण्याआधी सगळ्यांसमोर बघा, लिहून घ्या. तेल सोडताना धारेच्या मधल्या भागातलं साधारण दोनशे मिलिलिटर स्वच्छ कोरड्या बाटलीत घ्या, तारीख आणि गाडीचा नंबर लिहा, सील करा, दोघांच्या सह्या घ्या. वंगण तेलाच्या प्रयोगशाळेत तपासल्यावर त्यात शिसं, तांबं, ॲल्युमिनियम, लोखंड किती, सिलिकॉन म्हणजे धूळ किती, कूलंट मिसळलंय का, पेट्रोल मिसळून तेल पातळ झालंय का, हे सगळं आकड्यांत येतं. धूळ जास्त निघाली तर एअर फिल्टरकडे संशय जातो. धूळ नाही, कूलंट नाही, तेलाचा घट्टपणा ठीक, आणि तरी बेअरिंगचा धातू भरपूर, असं आलं तर मालकाच्या निष्काळजीपणाची बरीच कारणं एका कागदाने बाद होतात.

ऑइल फिल्टर फेकू देऊ नका. तो कापून आतला कागद पसरला की काय चाललं होतं ते दिसतं. चकचकीत कण निघाले तर चुंबक फिरवा. चिकटले तर ते पोलाद आहे, क्रँक (पिस्टनच्या धक्क्याने फिरणारा मुख्य दांडा), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) किंवा चेनकडून आलेलं. चिकटले नाहीत तर बहुतेक बेअरिंगचा नाहीतर पिस्टनचा धातू.

चेंबर खाली आलं की जाळी बघा. तिच्यात रबरासारखे तुकडे अडकलेले असतील तर तो गॅस्केटऐवजी लावलेला सीलंट आहे. मग चेंबर शेवटचं कोणी उघडलं होतं, हा प्रश्न येतो. कारखान्यानंतर कोणीच उघडलं नसेल तर उत्तर तुमच्या बाजूचं आहे.

आणि मग बेअरिंग. एकेक शेल, म्हणजे क्रँकभोवती बसणारी बेअरिंगची अर्धगोल पट्टी, काढताना सिलिंडरचा नंबर लिहून क्रमाने फडक्यावर मांडायला सांगा. सगळीच शेल सारखी घासलेली असतील, तर तेल कमी पडलं किंवा पातळ झालं होतं. तसं का झालं ते वेगळं शोधावं लागतं: मालकाने दुर्लक्ष केलं, पंप कमजोर होता, की इंजिन स्वतःच तेल पीत होतं. याउलट एकच शेल जळालंय, क्रँक तिथेच निळा पडलाय आणि बाकीची नव्यासारखी आहेत असं दिसलं, तर संपूर्ण इंजिनला तेल कमी होतं हे म्हणणं टिकत नाही. मग दोष त्या जागेचा: तेलाच्या वाटेत अडकलेला कचरा, चुकीचं क्लिअरन्स (शेल आणि क्रँकमधली फट), जुळणीतली चूक. शेलच्या मऊ थरात बारीक कण रुतून चरे पडले असतील तर त्याचा जवळून फोटो घ्या.

पिस्टनही काढायला लावा. रिंग बसते त्या खाचेची कड तुटलेली असेल तर ती टर्बो पेट्रोल, थेट इंजेक्शनच्या इंजिनांमधली ओळखीची खूण आहे. कमी आरपीएमला जोरात ॲक्सिलरेटर दिला की ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा दाब येतो. यात तेलाच्या प्रतीचाही हात असतो. त्यासाठीच अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये ‘एसएन प्लस’ आणि २०२० मध्ये ‘एसपी’ हे वर्ग आणले. म्हणून बाहेरच्या गॅरेजच्या त्या बिलावर तेलाचा ग्रेड आणि वर्ग लिहिलाय का ते आत्ताच बघा. नुसतं ‘इंजिन ऑइल साडेतीन लिटर’ असेल तर त्या गॅरेजमालकाकडून कोणतं तेल, कोणता फिल्टर टाकला हे लेटरहेडवर लिहून घ्या.

कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा, तोही सरळ आहे का बघा. आपल्याकडे हा मुद्दा हमखास निघतो, कारण पुराच्या पाण्यातून गेलेल्या गाड्या खूप. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं; त्यानंतर वर्षभर माझ्याकडे वाकलेल्या रॉडची इंजिनं येत होती. पाणी थोडंसंच आत जातं, रॉड जरासा वाकतो, गाडी परत चालू होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर रॉड तुटून ब्लॉकला खिडकी पाडतो. असा रॉड मोजला तर आखूड भरतो आणि सिलिंडरच्या वरच्या टोकाला काजळीची रेघ नेहमीपेक्षा खाली सरकलेली दिसते. गाडी पाण्यातून गेली असेल तर ते लपवू नका. तो दावा विम्याचा आहे, आणि तोही बहुतेक वेळा ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कव्हर असेल तरच. पाण्यातून गेली नसेल तर सरळ रॉडचा फोटो हीच तुमची साक्ष.

शेवटची गोष्ट कॉम्प्युटरची. स्कॅनर लावून इंजिनच्या ईसीयूमधले सगळे फॉल्ट कोड, ते पडले तेव्हाचं तापमान, आरपीएम आणि किलोमीटर यांची प्रिंट मागा. दिवा लागल्यावर तुम्ही किती वेळ गाडी चालवली यावर कंपनी बोट ठेवणार, आणि तो आकडा तुमच्या आठवणीतून नको, मशीनमधून यायला हवा. बॅटरी काढण्याआधी हे करा.

आता पैशांचं. वॉरंटी संपल्यानंतर कंपनी जे देते त्याला आतल्या भाषेत ‘गुडविल’ म्हणतात. हा हक्क नाही, कंपनीचा निर्णय आहे, आणि तो डीलर घेत नाही. डीलरचा सर्व्हिस ॲडव्हायझर ‘वॉरंटी संपली’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या स्क्रीनवर तेवढंच दिसतं. गुडविलची शिफारस वर्क्स मॅनेजर करतो, मंजुरी कंपनीचा एरिया सर्व्हिस मॅनेजर किंवा त्याच्या वरचा माणूस देतो. त्यामुळे काउंटरवरच्या पोरावर ओरडून काही होत नाही. उलट त्याला सांगा, ‘माझी गुडविलची केस कंपनीकडे पाठवा आणि पाठवल्याचा नंबर द्या.’ हा शब्द वापरलात की समोरच्याला कळतं की तुम्हाला रस्ता माहीत आहे.

वॉरंटी डेस्कवर असताना आम्ही काय बघायचो ते सांगतो. गाडीचं वय आणि किलोमीटर वॉरंटीच्या किती जवळ आहेत. मालक पहिलाच आहे का. सर्व्हिस वेळेवर आहेत का, कुठे आहेत. याच मॉडेलच्या, याच काळात बनलेल्या इंजिनांच्या तक्रारी आधी आल्यात का. आणि सगळ्यात वजनदार म्हणजे वॉरंटीच्या काळात याच त्रासाची नोंद आहे का. बहुतेक मंजुऱ्या वाटणीच्या असायच्या. पार्टचा निम्मा, कधी सत्तर टक्के खर्च कंपनीचा आणि मजुरी मालकाची, असं मी पुष्कळदा पाहिलं. शंभर टक्के क्वचित, पण पाहिलं आहे, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्यामागे वॉरंटीतलं एखादं जुनं जॉब कार्ड, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तक्रार लिहितात तो कागद, होतं.

तुमच्याकडे तेच आहे. २८,००० किलोमीटरचं जॉब कार्ड शोधा. त्यावर तुमची तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली आहे ते वाचा. ‘सकाळी आवाज, तेल कमी’ असं काहीही असेल तर केस बदलते, कारण मग बिघाड वॉरंटीनंतरचा राहत नाही. तो वॉरंटीत सुरू झाला, दाखवला, आणि तपासला गेला नाही. नुसतं ‘जनरल सर्व्हिस’ लिहिलं असेल तर त्या दिवसांतले व्हॉट्सॲप मेसेज, ॲपवरची बुकिंग, सर्व्हिसनंतर आलेल्या फीडबॅक कॉलनंतरचा मेसेज, मध्ये तेल विकत घेतल्याची बिलं, सगळं गोळा करा. ‘एवढं चालतं’ या उत्तराचंही एक आहे. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा ते एक लिटरपर्यंत तेल लागू शकतं असं छापलेलं असतं. पण तुमच्या इंजिनला किती लागतं हे कळण्याची एक रीतसर पद्धत आहे: तेल पूर्ण भरायचं, तेल सोडायचा नट आणि भरायचं झाकण सील करायचं, ठरावीक किलोमीटर चालवून परत मोजायचं. तुमच्या गाडीची ही चाचणी केली का, केली नसेल तर का नाही, हा प्रश्न पत्रात जरूर विचारा.

बाहेरच्या सर्व्हिसवरून वॉरंटीचा मुद्दा काढतील. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या आदेशात असंही म्हटलं होतं की स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये; बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे केवळ त्याच्या जोरावर उभे राहू नका. पण ‘आमच्या त्या एका तेलबदलामुळे नेमकं काय बिघडलं ते दाखवा’ ही मागणी रास्त आहे, आणि बाटलीतलं तेल ती पूर्ण करायला मदत करतं.

पत्र कसं असावं? लहान. एका पानात मावणारं. शिव्या, ‘सोशल मीडियावर टाकीन’, ‘तुमच्या कंपनीची इज्जत’, यातलं काही नको. असं पत्र आलं की आमच्याकडे ते थेट कायदेशीर विभागाकडे जायचं आणि तिथून फक्त नकार यायचा. साधारण असं लिहा:

‘माझ्या गाडीचं इंजिन अमुक तारखेला ६१,००० किलोमीटरवर निकामी झालं. दिनांक अमुक रोजी, वॉरंटीत असताना, थंड इंजिनाचा आवाज व तेल कमी होणं ही तक्रार जॉब कार्ड क्रमांक अमुकवर नोंदवली होती. तेव्हा तपासणी झाली नाही. सर्व सर्व्हिसची बिलं जोडली आहेत. इंजिन माझ्या उपस्थितीत उघडलं, त्याचे फोटो व तेलतपासणीचा अहवाल जोडला आहे. वॉरंटीत नोंदवलेल्या दोषाचाच हा परिणाम आहे, म्हणून इंजिन असेंब्ली व मजुरीचा खर्च कंपनीने करावा, ही विनंती. नाकारायचं असल्यास तांत्रिक कारण लेखी कळवावं व तोपर्यंत गाडीवर पार्किंग शुल्क लावू नये.’

हे पत्र कंपनीच्या ग्राहक विभागाला, प्रत डीलरला. शेवटचं वाक्य गाळू नका. गाडी पडून राहिली की पार्किंगच्या दंडाची नोटीस येते आणि माणूस घाबरून सही करतो. आणि नकाराचं कारण लेखी मिळालं तर ते खोडता येतं. ‘वरून नाही म्हणालेत’ हे खोडता येत नाही.

कंपनीला दोष आधीच माहीत होता का, हेही शोधा. याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं. ह्युंदाईच्या अलाबामातल्या कारखान्यात २.० आणि २.४ लिटरच्या थीटा-२ इंजिनांचा क्रँक मशीनिंग करताना धातूचे बारीक कण आत राहिले, ते तेलाच्या वाटेत अडकून कनेक्टिंग रॉडची बेअरिंग जळू लागली. सप्टेंबर २०१५ मध्ये २०११-१२ च्या सुमारे ४ लाख ७० हजार सोनाटा गाड्या परत बोलावल्या, २०१७ मध्ये व्याप्ती वाढली, कियाच्या गाड्याही त्यात आल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये रिकॉलला उशीर केल्याबद्दल दोन्ही कंपन्यांशी मिळून २१ कोटी डॉलरच्या दंडाचा समझोता झाला, आणि माहिती बाहेर काढणाऱ्या कंपनीच्याच अभियंत्याला पुढच्या वर्षी २ कोटी ४० लाख डॉलरहून अधिक बक्षीस मिळालं. मालकांनी मिळून केलेल्या दाव्यातून इंजिनच्या खालच्या भागाला आयुष्यभराची वॉरंटी आणि आधी स्वखर्चाने केलेल्या दुरुस्तीचे पैसे मिळाले. ज्यांनी पावत्या जपल्या त्यांचं काम सोपं झालं. अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक या गाड्या वापरत होते, जुन्या विकत घेत होते. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर चेसिस नंबर टाकून आपली गाडी त्यात बसते का ते अजूनही बघावं. युरोपात स्टेलांटिसने १.२ लिटर प्युअरटेक इंजिनाच्या तेलात भिजणाऱ्या टायमिंग बेल्टसाठी २०२४ मध्ये दहा वर्षं किंवा १ लाख ७५ हजार किलोमीटरपर्यंत जबाबदारी घेतली. बेल्ट झिजून त्याचा भुगा तेलाच्या जाळीत बसायचा. दोन्हीकडे सुरुवातीला एकेकट्या मालकाला ‘तुमचाच मेंटेनन्स’ हेच ऐकावं लागलं होतं.

आपल्याकडे सामूहिक दाव्याची एवढी ताकद अजून उभी राहिलेली नाही, पण रस्ते आहेत. कंपनीच्या वेबसाइटवर आणि वाहन उत्पादकांची संघटना सियामच्या यादीत तुमच्या मॉडेलचा रिकॉल आहे का बघा. डीलरला विचारा की या इंजिनासाठी कंपनीचं तांत्रिक परिपत्रक किंवा सुधारित पार्ट नंबर आलाय का. पार्टचा नंबर मधेच बदलला असेल तर का बदलला, हे विचारण्यासारखं आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेलं रिकॉलचं कलम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. सात वर्षांच्या आतल्या गाडीत सुरक्षेला धोका असेल तर ‘वाहन’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. भर हायवेवर इंजिन बंद पडणं मी तरी सुरक्षेचाच प्रश्न मानतो. तुमची नोंद एकटी असेल, पण अशाच शंभर नोंदी झाल्या तर सरकारला विचारावं लागतं.

कंपनीकडून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तिथे निकाल मिळत नाही. तक्रार कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत पोचते, आणि पुष्कळदा गुडविलचा टक्का तिथेच वाढतो.

त्याच्या पुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंत दिलेल्या किमतीची तक्रार तिथे चालते, आणि २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे साताऱ्यातच, दाखल करता येते. तुमच्या गाडीच्या किमतीला फी ४०० रुपये. ऑनलाइनही दाखल होते, आता ई-जागृती पोर्टलवरून. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. हे न कळल्याने उशीर झालेला एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर रडला आहे, म्हणून जोर देऊन लिहितोय.

आयोगात अपेक्षा नीट ठेवा. ‘गाडीच बदलून द्या’ ही मागणी सहसा टिकत नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मारुतीच्या एका गाडीच्या खटल्यात सांगितलं की वॉरंटीत दोषी पार्ट दुरुस्त करणं किंवा बदलणं येतं, गाडी बदलून देणं नाही. तेव्हा इंजिन, मजुरी, टोइंग, पर्यायी गाडीचा खर्च आणि त्रासाची भरपाई, असं मागा. उत्पादनातला दोष सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची आहे, आणि तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय केलेल्या तक्रारी फेटाळल्या जातात. कलम ३८ नुसार आयोग पार्ट तपासायला योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तसा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. हे शक्य व्हायला पार्ट तुमच्याकडे असायला हवेत. डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा, पण कोणाची कोणती चूक ते वेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला जुन्या वर्षाची गाडी नवी म्हणून विकली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं, कारण डीलरच्या कृत्याची कंपनीला माहिती होती हे दाखवलं नव्हतं. तुमच्या केसमध्ये तक्रार न तपासणं ही डीलरची चूक, इंजिनातला दोष कंपनीचा. दोन परिच्छेद वेगळे.

वर्षभर गाडीशिवाय बसणं सगळ्यांना जमत नाही, हप्ते तर चालूच असतात. मग दुरुस्ती करून घ्या, पण ‘हक्क राखून, निषेध नोंदवून पैसे भरत आहे’ असं ईमेल आधी पाठवा. आणि ३ लाख ८५ हजार हा एकच आकडा धरून बसू नका. वरचं हेड चांगलं असेल तर हाफ इंजिन, म्हणजे फक्त खालचा भाग, घालून भागतं, त्याचं वेगळं एस्टिमेट मागा. क्रँक ग्राइंड होऊन (घासून गुळगुळीत करून) चालण्याजोगा असेल आणि त्या मॉडेलला अंडरसाइज शेल (घासून बारीक झालेल्या क्रँकला बसणारी जाड शेल) मिळत असतील, तर चांगल्या मशीन शॉपमध्ये याहून बरंच कमी लागतं. मात्र बाहेर बांधायचं तर तेलाच्या सगळ्या वाटा, ऑइल कूलर आणि टर्बोची तेलाची नळी धुतल्याशिवाय किंवा बदलल्याशिवाय बांधू देऊ नका. जुने कण तिथेच लपलेले असतात आणि नवं बेअरिंगही खातात.

कंपनीने वाटणी मान्य केली तर तिचा कागद वाचा. त्यात ‘यापुढे या इंजिनबाबत कोणतीही तक्रार करणार नाही’ असं असेल तर नव्या इंजिनाची वॉरंटी किती महिने, किती किलोमीटर, हे त्याच कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही नको. गुडविलमध्ये जुने पार्ट बहुतेक वेळा कंपनी परत मागते, तेव्हा मोजमापं आणि फोटो त्याआधी पूर्ण करा. ब्लॉक बदलला तर इंजिन नंबर बदलतो. तो बिलावर छापून घ्या, आरटीओत आरसीवर चढवा आणि विमा कंपनीला कळवा. हे राहिलं तर पुढे अपघाताचा दावा किंवा गाडीची विक्री अडते.

गुरुवारी जाताना सोबत हे असू द्या: कोरडी बाटली, मार्कर, टॉर्च, चुंबक, जुनं स्वच्छ फडकं, आणि २८,००० चं ते जॉब कार्ड. शेलचे फोटो सिलिंडरच्या क्रमाने, दोन्ही अर्धी शेजारी ठेवून, एकाच उजेडात काढा आणि मला पाठवा. एकच जळालंय की सगळी, तेवढं दिसलं की पत्रातला तांत्रिक परिच्छेद कसा लिहायचा ते सांगतो.